ट्रेलर ओढायचा की डोंगर चढायचा? फोर बाय फोर घेण्याआधीचा हिशोब

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी, बघायला शोरूममध्ये गेलात की आधी सनरूफ दाखवतात, मग स्क्रीन, आणि शेवटी चारही चाकं जोडणारा तो लिव्हर. "ही किती वजन ओढेल?" असं विचारलंत तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "काहीही ओढेल साहेब." या उत्तरावर पंधरा-वीस लाख टाकू नयेत, एवढ्यासाठी हा लेख.

खरी अडचण अशी, की ओढणं आणि आडवाटेला जाणं ही दोन्ही कामं आपण 'दमदार गाडी' या एकाच खात्यात टाकतो. पण दोन्हींच्या गरजा बऱ्याच ठिकाणी उलट्या आहेत. ट्रेलरसाठी गाडी लांब हवी, जड हवी, मागचं सस्पेन्शन भार सोसणारं हवं, टायर रस्त्याचे हवेत. दगडधोंड्यात आणि चिखलात गाडी आखूड हवी, हलकी हवी, चाकं खालीवर सैल झुलणारी हवीत. दोन्हीकडे पैकीच्या पैकी मार्क मिळवणारी गाडी बाजारात नाही. म्हणून आधी वर्षभरातला आपला खरा वापर कागदावर लिहा. वर्षातून दोनदा सह्याद्रीतल्या कच्च्या वाटेवर जाणारा आणि रोज बागेत पाणी चढवणारा, या दोघांनी एकच गाडी घेतली तर त्यातला एक जण नक्की पस्तावतो.

आधी वजन, मग गाडी

समजा, रत्नागिरीकडे डोंगरउतारावर आंब्याची बाग आहे आणि फवारणीसाठी पाणी वर न्यायचं आहे. ट्रेलरवर १००० लिटरची टाकी. पाणीच झालं १००० किलो. ट्रेलरचा सांगाडा, टाकी, चाकं मिळून तीनशे-साडेतीनशे किलो धरा. पंप, पाइप, औषधाचे कॅन यांचे शंभरेक. म्हणजे चौदाशे किलोच्या वर. अनेक लोक हे काम "छोट्या ट्रॉलीचं" समजतात, आणि प्रत्यक्षात ते जवळपास अख्खी दुसरी गाडी मागे बांधून चढ चढत असतात.

पाण्याची आणखी एक खोड आहे. टाकी अर्धी भरलेली असली तर पाणी पुढे-मागे आपटतं. ब्रेक मारला की एक धक्का गाडीचा आणि क्षणभराने दुसरा पाण्याचा. वळणावर तेच आडवं होतं. म्हणून टाकी भरलेली तरी ठेवा, नाहीतर आत आडव्या पट्ट्या असलेली टाकी घ्या. माझं मत विचाराल तर अशा बागेत ५०० लिटरच्या दोन खेपा बऱ्या. वेळ जातो, पण क्लच आणि ब्रेक दोन्ही वाचतात.

आता गाडीकडचे आकडे. गाडीचं रिकामं वजन आणि माणसं-सामानासकट चालणारं कमाल वजन, हे दोन आकडे आरसी, मॅन्युअल किंवा दाराच्या चौकटीजवळची पट्टी यांवरून मिळवा. त्यांतला फरक म्हणजे गाडी स्वतःच्या पाठीवर किती घेऊ शकते ते. समजा हा फरक ५०० किलो आला. पाच माणसं ३५० किलो, सामान ५० किलो, उरले १००. ट्रेलरचं नाक गाडीच्या हुकावर जो भार टाकतं तोही याच १०० किलोंत बसवायचा असतो. इथे बहुतेकांचा हिशोब तुटतो. ट्रेलर चाकांवर चालतो म्हणून गाडीवर भार नाही असं वाटतं, पण नाकाचा भार सरळ मागची चाकं जोडणाऱ्या अॅक्सलवर येतो.

हा नाकाचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण सात ते दहा टक्के असावा. तो फार कमी झाला, म्हणजे सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला गेलं, तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. एकदा हे हेलकावे सुरू झाले की जोरात ब्रेक मारणं किंवा स्टिअरिंग उलटं फिरवणं दोन्ही महागात पडतं. पाय अॅक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि गाडीचा वेग आपोआप उतरू द्यायचा. नाकाचा भार फार जास्त झाला तर उलटा त्रास: गाडीचं ढुंगण खाली बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग पातळ लागतं आणि रात्री समोरच्याच्या डोळ्यांत हेडलाइट जातो.

भार मोजायला मोठं काही लागत नाही. गावाजवळच्या वजनकाट्यावर भरलेला ट्रेलर सोडून त्याचं पूर्ण वजन घ्या. मग तो गाडीला जोडा, गाडी काट्याच्या बाहेर आणि फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर ठेवून पुन्हा वजन घ्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे नाकाचा भार. काट्याची वजन मोजण्याची पायरी जाड असल्याने आकडा दहा-वीस किलोंनी इकडे-तिकडे होईल, पण अंदाज पक्का येतो.

कंपनीने सांगितलेली ओढण्याची मर्यादा

आपल्याकडच्या बहुतेक ब्रोशरमध्ये हा आकडा छापलेलाच नसतो. मग लोक परदेशी साइट बघतात. ऑस्ट्रेलियात सुझुकीच्या छोट्या जिमनीला ब्रेक असलेला ट्रेलर १३०० किलोंपर्यंत आणि ब्रेक नसलेला फक्त ३५० किलोंपर्यंत चालतो. तिकडे टोयोटाच्या हायलक्स पिकअपच्या चार दारी (डबल कॅब) फोर बाय फोरला ब्रेकवाला ट्रेलर ३५०० किलोंपर्यंत चालतो. हे आकडे जसेच्या तसे इथे लावू नका, कारण इंजिन, कूलिंग, गिअरचं गुणोत्तर, मागचं सस्पेन्शन देशागणिक बदलू शकतं. पण त्यांतून दोन गोष्टी कळतात. एक, या दोन गाड्या वेगवेगळ्या इयत्तेतल्या आहेत. दुसरी, जास्त महत्त्वाची: ब्रेक असलेला आणि नसलेला ट्रेलर यांत जिमनीच्या बाबतीत जवळपास चौपट फरक आहे.

म्हणून कंपनीला ईमेल करून, नेमकं मॉडेल आणि व्हेरियंट सांगून, लेखी उत्तर मागा. उत्तर आलं नाही किंवा "ट्रेलरसाठी शिफारस नाही" असं आलं, तर तेही उत्तरच समजायचं. उद्या गिअरबॉक्स गेला तर वॉरंटीचं बोलणं याच ईमेलवर होणार आहे.

युरोपात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आपल्याकडे स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेल्या छोट्या ट्रेलरला ब्रेक सहसा नसतात, कारण मागणारे मागत नाहीत. तुम्ही मागा. धक्क्यावर चालणारे ब्रेक असतात: गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्याच दाबाने त्याचे स्वतःचे ब्रेक लागतात. आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरताना मागे टनभर वजन असेल आणि थांबवायची सगळी जबाबदारी गाडीच्या चार चाकांवर असेल, तर ब्रेक तापून पेडल मऊ पडायला वेळ लागत नाही. ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी लवकर, कारण ते हवेतलं पाणी शोषून घेतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो. उताराला ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ट्रक ड्रायव्हरांचा नियम इथेही तितकाच लागू.

इंजिन: बीएचपी विसरा, टॉर्क किती आरपीएमला ते बघा

बीएचपी म्हणजे इंजिनची एकूण ताकद, टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि आरपीएम म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे. जिमनीचं १.५ लिटर पेट्रोल इंजिन १३४ न्यूटन मीटर टॉर्क देतं, तोही ४००० आरपीएमला. थारचं २.२ लिटर डिझेल ३०० देतं, १६०० ते २८०० च्या दरम्यान. फोर्सच्या २०२४ मधल्या नव्या गुरखाचं २.६ लिटर डिझेल ३२० देतं, १४०० पासून. स्कॉर्पिओ-एनच्या फोर बाय फोर डिझेलमध्ये मॅन्युअलला ३७० आणि ऑटोमॅटिकला ४००. इसुझू व्ही-क्रॉस ३६०. हायलक्सच्या ऑटोमॅटिकला ५००.

मागे वजन असताना चढावर गाडी हलवायची असते ती हजार-पंधराशे आरपीएमवर. तिथे ज्याच्याकडे जोर नाही त्याला इंजिन किंचाळवून क्लच घासावा लागतो. म्हणूनच ओढण्यासाठी जिमनी नको असं मी म्हणतो. गाडी उत्तम आहे, पण तिचं काम ते नव्हे.

ऑटोमॅटिकबद्दल आपल्याकडे उगीच संशय आहे. जड ट्रेलरसह चढावर थांबून पुन्हा निघायचं असेल, किंवा ट्रेलर उलटा ढकलत अरुंद जागेत लावायचा असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरवालं (तेलातून जोर पोचवणारं) ऑटोमॅटिक क्लचपेक्षा सोयीचं पडतं. जळायला क्लचच नसतो. मात्र त्याचं ऑइल तापतं. नियमित ओढणार असाल तर गिअरबॉक्स ऑइल कंपनीच्या वेळापत्रकापेक्षा लवकर बदला.

डिझेल घेणाऱ्यांसाठी एक इशारा. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला गाडी अधूनमधून हायवेवर एका लयीत पळवावी लागते. गाडी फक्त बागेतल्या दोन किलोमीटरवरच फिरणार असेल तर हा फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. आठवड्यातून एकदा तरी तिला मोकळा रस्ता दाखवा.

खालून बघायची गोष्ट: चासी आणि व्हीलबेस

शिडीसारख्या चासीवर बांधलेली गाडी आणि एकसंध बॉडीची गाडी, हा फरक ओढण्यात थेट जाणवतो. हुकाचा ओढा चासीवर गेला की तो दोन जाड तुळयांत वाटला जातो. थार, थार रॉक्स, गुरखा, जिमनी, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, हायलक्स, व्ही-क्रॉस या सगळ्या चासीवाल्या. एक्सयूव्ही ७०० किंवा ग्रँड विटाराची ऑल व्हील ड्राइव्ह आवृत्ती एकसंध बॉडीची. पावसाळी रस्त्यावर, मातीच्या पायवाटवजा रस्त्यावर त्या छान चालतात. पण त्यांना लो रेंज (वेग कमी करून जोर वाढवणारा वेगळा गिअर) नाही, आणि तुमच्या कामात तीच लागणार आहे.

व्हीलबेसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरात, तीन दारी थार २४५० मिलिमीटर, स्कॉर्पिओ-एन २७५०, थार रॉक्स २८५०, हायलक्स ३०८५. आखूड गाडीला ट्रेलर सहज ढकलतो, ओढून वाकडं करतो. लांब गाडी ट्रेलरला ताब्यात ठेवते, पण आडव्या बांधावर तिचं पोट टेकतं. नव्या थारचा पुढचा कोन (बंपर न घासता किती उभ्या चढाला भिडता येतं तो) एक्केचाळीस अंशांच्या पुढे आणि जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आहे. हायलक्सची मागची लांब शेपटी ओढ्यातून वर चढताना दगडाला घासते. एकदा तरी गाडीच्या खाली झोपून बघा: टाकी कुठे आहे, ट्रान्सफर केसखाली (पुढे-मागे जोर वाटणाऱ्या पेटीखाली) पत्र्याचं संरक्षण आहे का, सायलेन्सरचा पाइप कुठे लोंबतो. शोरूममधले लोक जरा विचित्र बघतील, बघू द्या.

फोर बाय फोरची यंत्रणा

वर सांगितलेल्या चासीवाल्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी पार्ट टाइम फोर बाय फोर असतं. म्हणजे एरवी मागची दोनच चाकं ओढतात. लिव्हर किंवा बटण वापरलं की पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांना घट्ट बांधला जातो. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. माती किंवा वाळूवर चाक थोडं घसरून हा फरक मिटवतं. कोरड्या डांबरावर ते घसरू शकत नाही, मग ताण गिअरांत साठतो, स्टिअरिंग जड होतं आणि शेवटी ट्रान्सफर केसचा खर्च निघतो. तेव्हा "घाट आहे म्हणून फोर एच टाकलं" (फोर एच म्हणजे नेहमीच्या वेगाचं फोर बाय फोर) असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडून जुनी गाडी घेऊ नका.

लो रेंज हीच फोर बाय फोरची खरी किंमत. पहिल्या गिअरचं गुणोत्तर, ट्रान्सफर केसचं लो गुणोत्तर आणि अॅक्सलचं गुणोत्तर या तिघांचा गुणाकार करा. समजा ४, २.५ आणि ४, तर उत्तर ४०. इंजिन चाळीस वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा. हा आकडा जितका मोठा तितकी गाडी मुंगीच्या चालीने, ब्रेकला हात न लावता उतरते. ट्रेलर उलटा चढावर ढकलायचा असेल, माती किंवा ओल्या उतरंडीवर बोट पाण्यात सोडायची असेल, तेव्हाही लो रेंज क्लच वाचवते. लो टाकताना गाडी थांबवा, न्यूट्रल करा, मग टाका. धावत्या गाडीत बसत नाही म्हणून जोर लावू नका.

आता डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारी यंत्रणा. नुसतं फोर बाय फोर असूनही गाडी अडकते, ती एक पुढचं आणि एक मागचं चाक हवेत गेलं की. साधं डिफरन्शियल सगळा जोर त्या मोकळ्या फिरणाऱ्या चाकाकडे सोडून देतं. यावर दोन उपाय असतात. फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून जोर दुसऱ्याकडे वळवणं, हे जिमनी करते; चालतं, पण अॅक्सिलरेटर दाबून धरावा लागतो आणि चाकं थोडी फिरू द्यावी लागतात. दुसरा उपाय डिफ लॉक: दोन्ही चाकं एकत्र बांधून टाकणं. थारच्या वरच्या व्हेरियंटमध्ये मागे यांत्रिक लॉक आपोआप बसतं, हायलक्समध्ये मागे बटणावर, आणि गुरखामध्ये पुढे-मागे दोन्हीकडे हाताने लावायचं लॉक येतं. दगडी, खाचखळग्यांच्या वाटेवर गुरखाला याचा मोठा फायदा मिळतो. खरेदी करताना व्हेरियंट नीट वाचा, एकाच नावाच्या गाडीत लॉक असलेली आणि नसलेली अशा दोन्ही विकल्या जातात. थारचं तर मागच्या दोन चाकांवर चालणारं मॉडेलही जानेवारी २०२३ पासून आहे.

माती कुठली, त्यावर टायर

यावर सगळ्यात कमी बोललं जातं. कोकणात जांभा असतो: वर मुरमाड, पकड चांगली, पण पावसात लाल माती साबणासारखी होते. सह्याद्रीत काळा बेसॉल्ट, धारदार कडा; टायर फाटतो तो सहसा बाजूने. आणि मराठवाडा-विदर्भात काळी माती.

काळी माती हा वेगळाच प्रकार आहे. पाणी पिऊन ती फुगते आणि टायरला चिकटते. दहा-वीस मीटरमध्ये टायरच्या सगळ्या खाचा भरतात, चाक गुळगुळीत गोळा होतं, मग माती मडगार्डमध्ये जाऊन चाक फिरायचंच बंद होतं. इथे डिफ लॉक कामाला येत नाही, कारण चारही चाकं सारखीच निकामी असतात. मोठ्या पावसानंतर काळ्या रानात गाडी घालायची असेल तर एक-दोन दिवस थांबा, आणि टायर-मडगार्डमधली फट मोठी असलेली गाडी घ्या. दिखाऊ जाड टायर घालून ती फट भरून टाकणारे लोक नेमके याच मातीत फसतात. शेतकऱ्याला हे विचारायची गरज नसते. तो ट्रॅक्टरसुद्धा वाफशाची वाट बघूनच काढतो.

ज्यांचं ऐंशी टक्के काम डांबरावर ट्रेलर ओढायचं आहे, त्यांनी ऑल टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या) टायरवर थांबावं. मड टेरेन चिखलात चांगले, पण ओल्या डांबरावर ब्रेकला कमी पकड आणि मागे वजन असताना तर नकोच. टायरवरचा भार-निर्देशांक (टायर किती वजन पेलतो तो आकडा) बघा. टायर बदलताना आकार मूळच्यापेक्षा फार मोठा केला तर गिअरचं गुणोत्तर बिघडतं, इंजिन दमतं आणि ओढण्याची ताकद कमी होते.

हवा हे सर्वांत स्वस्त ऑफरोड साधन. एरवी ३०-३२ पीएसआय असलेली हवा दगड-चिखलात २०-२२ आणि मऊ वाळूत १५-१८ पर्यंत उतरवली की टायर जमिनीवर पसरतो. पण मागे ट्रेलर असेल तर इतकी खाली नेऊ नका, आणि डांबरावर यायच्या आधी पुन्हा भरा. म्हणून साधा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि हवेचा मीटर हे पहिल्या दिवशी घ्या, विंच (रुतलेली गाडी ओढायची चरखी) नंतर.

वाळूबद्दल एकच. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालणं बहुतेक ठिकाणी मनाई आहे, गोव्यात तर दंड होतो, आणि भरतीला कोणाची गाडी कुठली ते कळत नाही. दरवर्षी सुटीत रुतलेल्या गाडीचा व्हिडिओ फिरतो. त्यात पुष्कळदा फोर बाय फोरच असते. जांभ्याच्या सड्यांवरही (उघड्या कातळपठारांवर) गाडी फिरवू नका. पावसाळ्यात तिथे उगवणारी फुलं आणि त्यांची माती चाकाखाली वर्षानुवर्षं सावरत नाहीत.

पाणी

गाडी किती खोल पाण्यातून जाऊ शकते? थार साडेसहाशे मिलिमीटर, गुरखा आणि हायलक्स सातशे, जिमनी तीनशेच्या आसपास. हे कंपनीचे पाण्याचे आकडे उभ्या पाण्यासाठी आणि हळू वेगासाठी असतात. फरशी पुलावरून वाहणारं पाणी वेगळं. फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला उचलायला पुरतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. इथे फोर बाय फोर आणि डिफ लॉक काही करत नाहीत, गाडी तरंगली की चाकांना जमीनच नसते.

इंजिनने पाणी ओढलं तर आतले रॉड वाकतात. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा मिळत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. कोकणात राहणाऱ्यांनी ते घ्यावंच. पाण्यातून बाहेर आल्यावर पुढच्या सर्व्हिसला अॅक्सलचं ऑइल तपासायला सांगा. ते चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी शिरलेलं आहे, लगेच बदलायचं.

बोट किंवा जेट स्कीचा ट्रेलर पाण्यात उतरवणाऱ्यांसाठी अजून एक बारकावा. लांबून ओढून आणलेल्या ट्रेलरचे हब (चाकांचे मधले, बेअरिंग असलेले भाग) गरम असतात. तसेच पाण्यात घातले तर आतली हवा एकदम आकसते आणि खारं पाणी बेअरिंगमध्ये शोषलं जातं. अर्धा तास थांबा, हात लावून बघा, मग उतरवा. घरी येऊन गोड्या पाण्याने खालून धुवा आणि ग्रीस भरा.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या व्याख्येत ट्रेलरही 'मोटार वाहन'च आहे. म्हणून रस्त्यावर आणायचा तर त्याची वेगळी नोंदणी, नंबर प्लेट आणि विमा लागतो. गाडीच्या पॉलिसीत ट्रेलर जोडल्याची नोंद करून घ्या. पिकअप घेत असाल तर ती खासगी म्हणून नोंदवली जाते की मालवाहू, हे बुकिंगआधी विचारा. मालवाहू झाली की फिटनेस आणि कराचा हिशोब बदलतो.

पुढचा लोखंडी बुलबार बसवू नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नोंदणीतल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाही असं स्पष्ट केलं. शिवाय एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणाऱ्या सेन्सरचा हिशोब त्याने बिघडू शकतो. मागचा टो बार (ट्रेलर जोडायचा दांडा) बसवायचा तर आधी कंपनीच्या अॅक्सेसरीत मिळतो का बघा.

मग घ्यायची कुठली?

साताऱ्याकडच्या किंवा भीमाशंकर बाजूच्या कच्च्या वाटा, अरुंद बोळ, सोबत दोघं-तिघं आणि ओढायला काही नाही: जिमनी. हलकी असल्याने जिथे जड गाड्या रुततात तिथून ती निघून जाते, आणि शहरातही जड पडत नाही. दगडी, खोल खाचांच्या वाटा आणि यंत्रणेवर हाताने ताबा हवा: गुरखा, आराम थोडा कमी, हे धरून चला. थोडं ओढणं, बरंच भटकणं, आणि कुठल्याही तालुक्याला मिस्त्री व पार्ट मिळावेत: नाशिकच्या कारखान्यात बनणारी थार, डिझेल. कुटुंब मोठं आणि ट्रेलरही आहे: स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर किंवा डिझेल रॉक्स फोर बाय फोर. ओढणं हेच मुख्य काम आणि बजेट मोकळं: हायलक्स, किंवा जुन्या बाजारात चांगली सांभाळलेली व्ही-क्रॉस. सर्व्हिस सेंटर तुमच्या घरापासून किती लांब आहे हा प्रश्न या यादीतल्या कुठल्याही आकड्याइतकाच मोठा आहे. बिघडलेली फोर बाय फोर क्रेनवर नेणं सोपं नसतं.

जुनी घेताना चासी हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. कोकणातल्या गाडीला गंज आतून लागतो, वरून रंग चकचकीत असतो. मातीच्या मैदानात फोर एच, फोर एल (लो रेंज) दोन्ही टाकून सरळ आणि वळवून चालवा, खडखड किंवा उडी मारल्यासारखं वाटलं तर सोडून द्या. पुढे अखंड अॅक्सल असलेल्या गाड्यांत ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं का, ते हायवेवर बघा. क्लच उचलताना जळका वास येतो का, टो बारच्या बोल्टभोवतीची चासी वेडीवाकडी झाली आहे का, हे बघायला दिवसाउजेडीच जा.

हुक बसवल्यावर पहिला भार

टो बार चासीला बोल्टने बसलेला हवा, बंपरला नव्हे. कंपनीने दिलेला गोल हुक अडकलेली गाडी ओढायला असतो, रोजच्या ट्रेलरला नाही. आणि उलट बाजूने, टो बारवरच्या, ट्रेलर बसतो त्या गोळ्याला पट्टा अडकवून रुतलेली गाडी झटक्याने ओढू नका. तो गोळा तुटला तर काच फोडून आत येतो. अडकलेली गाडी काढायला मान्यताप्राप्त पॉइंट आणि चांगलं शॅकल (पट्टा अडकवायची लोखंडी कडी) वापरा, आणि माणसांना पट्ट्याच्या दुप्पट लांबीच्या अंतरावर उभं करा.

सुरक्षा साखळ्या नाकाखाली एकमेकींवरून आडव्या घाला, म्हणजे हुक सुटला तरी नाक त्यांच्यावर अडतं. दिवे, ब्रेक लाइट, इंडिकेटर मागे कोणाला तरी उभं करून तपासा. पहिल्यांदा अर्धा भार घ्या, घाट नको, ओळखीचा सपाट रस्ता. पाच किलोमीटरवर थांबून ट्रेलरच्या दोन्ही हबांना हात लावा. एक दुसऱ्यापेक्षा जास्त गरम असेल तर त्या बाजूचं बेअरिंग घट्ट बसलंय किंवा ब्रेक चिकटतोय. मग पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर टो बारचे आणि ट्रेलरच्या चाकांचे बोल्ट पुन्हा आवळा. नवे बोल्ट भाराखाली बसतात आणि पहिल्या खेपेनंतर हमखास सैल झालेले सापडतात.